कॉलेजात इलेक्ट्रॉनिक माध्यमं शिकवताना: गोव्यातल्या शिक्षक-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या पदवी कॉलेजांत हा विषय शिकवणारे आम्ही काही मराठी भाषक शिक्षक. स्टाफरूममध्ये, पालकसभेत आणि कदंबच्या बसमध्येसुद्धा आम्हाला फिरून फिरून तेच प्रश्न विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. प्रश्नच तसे आहेत.

हा पत्रकारितेचा कोर्स आहे का?

नाही. पत्रकारितेच्या कोर्समध्ये बातमी लिहायला, कॅमेरा धरायला, बुलेटिन वाचायला शिकवतात. इथे विषय आहे रेडिओ, टीव्ही, केबल, इंटरनेट आणि मोबाईल यांनी माणसांच्या वागण्यात, बोलण्यात, मतदानात, लग्नकार्यात आणि भांडणांत काय फरक पाडला. वाणिज्य, विज्ञान, कला कुठल्याही शाखेचा विद्यार्थी बसतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमात आपल्या शाखेबाहेरचे विषय घ्यायची सोय झाली, त्यामुळे हल्ली वर्गात रसायनशास्त्राची मुलंही दिसतात. खरं सांगायचं तर त्यांचे प्रश्न जास्त टोकदार असतात, कारण ती पुरावा मागतात.

सगळ्या अभ्यासक्रमाचा गाभा एका प्रश्नात आहे: हे माझ्यापर्यंत कसं पोचलं? बातमी असो, रील असो, फॉरवर्ड असो. कोणी बनवलं, कोणी पाठवलं, मध्ये कोणी पैसे कमावले, आणि माझ्यापर्यंत पोचलं ते शेजाऱ्यापर्यंत का नाही पोचलं. मुलाला हा प्रश्न आपणहून पडायला लागला की आमचं काम झालं. बाकीचा अभ्यासक्रम म्हणजे त्याचीच तयारी.

मुलं दिवसभर मोबाईलवरच असतात. त्यांना माध्यमं आणखी काय शिकवायची?

रोज पाव खाणाऱ्याला भट्टी कशी पेटवतात हे ठाऊक असतंच असं नाही. मुलांना ॲप चालवता येतं; ते ॲप त्यांना कसं चालवतं हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

पहिल्या आठवड्यात आम्ही एक सोपा उद्योग देतो. शेजारी बसणाऱ्या दोघांनी एकाच वेळी आपापलं इन्स्टाग्राम उघडायचं आणि समोर येणाऱ्या पहिल्या वीस रील्सचे विषय कागदावर लिहायचे. मग कागद शेजारी ठेवायचे. गाव तेच, वर्ग तोच, वय तेच, तरी दोन याद्या इतक्या वेगळ्या निघतात की मुलं स्वतःच चक्रावतात. एकाला फुटबॉल आणि बाईक, दुसरीला मेकअप आणि स्पर्धा परीक्षा, तिसऱ्याला धर्म आणि राग. त्यानंतर अल्गोरिदम म्हणजे काय हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. तुम्ही कशावर थांबता, किती वेळ थांबता, काय पुढे पाठवता यावरून पुढचं ताट वाढलं जातं, आणि तुम्ही जितका वेळ थांबाल तितक्या जाहिराती दाखवता येतात. व्यवहार एवढाच आहे.

गोव्यात हा विषय शिकवण्यात वेगळं काय आहे? अभ्यासक्रम सगळीकडे सारखाच ना?

अभ्यासक्रम सारखा, पण प्रयोगशाळा वेगळी. इथलं सर्वसाधारण घर घ्या. बोलणं कोंकणीत. दारात पडणारा पेपर मराठी. मुलाची पाठ्यपुस्तकं इंग्रजी. संध्याकाळी टीव्हीवर मराठी किंवा हिंदी मालिका. मुलाच्या मोबाईलवर हिंदी, इंग्रजी, कोंकणी, मराठी सगळ्याची सरमिसळ. शेजारच्या ख्रिस्ती घरात रोमी (रोमन) लिपीतली कोंकणी आणि तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातली कांतारं, म्हणजे गाणी. देशात फार थोड्या ठिकाणी एवढ्या लहान मुलखात एकच घटना इतक्या भाषांतून, इतक्या वेगळ्या वाचकांसाठी सांगितली जाते.

म्हणून आमचा सर्वांत आवडता स्वाध्याय असा: एक स्थानिक घटना निवडा. म्हादई नदीच्या पाण्याचा वाद, एखादा रस्ता रुंदीकरणाचा विरोध, किनाऱ्यावरचं बांधकाम, काहीही. त्याच दिवशीचा एक मराठी पेपर, एक इंग्रजी पेपर, एक कोंकणी बातमीपत्र आणि एक यूट्यूब वाहिनी समोर ठेवा. मथळा काय, पहिलं वाक्य कोणाचं, फोटोत कोण, कोणाचं म्हणणं अजिबात नाही, आणि बातमी कोणत्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पक्षपात शोधायला मुलं उत्साहाने धावतात. आम्ही थोडं थांबवतो. बरेचदा कारण पक्षपात नसतंच. मराठी पेपरचा वार्ताहर वाळपईत किंवा डिचोलीत राहतो आणि इंग्रजी पेपरचा पणजीत, म्हणून एकाला गावातली बाई भेटते आणि दुसऱ्याला सचिवालयातला अधिकारी.

या बाबतीत एक जुना दाखला नेहमी देतो. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून राहायचं. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. ‘राष्ट्रमत’ने विलीनीकरणाच्या विरोधात आघाडी लढवली, ‘गोमन्तक’ने बाजूने. आणि दोन्ही दैनिकं मराठी. आज मुलांना वाटतं की भाषा कळली की बाजू कळली. या दाखल्याने तो समज तिथल्या तिथे मोडतो.

सिद्धांत किती शिकवायचे? परीक्षेत तर तेच येतात.

शिकवायचे, पण गावात आणून. चार पुरतात.

समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्डने १९४० च्या अमेरिकी निवडणुकीत पाहिलं की रेडिओ आणि पेपरचा प्रभाव लोकांवर थेट कमी पडतो. आसपासचे जाणते लोक ऐकतात आणि त्यांच्याकडून इतरांना कळतं. आपल्याकडे ते जाणते कोण? पूर्वी मास्तर, पंच, भाटकार (जमीनदार), तिठ्यावरच्या दुकानात पेपर मोठ्याने वाचणारा एखादा. आता वाड्याच्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन. मुलांना आपापल्या वाड्यातला असा माणूस ओळखायला सांगा, दहा मिनिटांत सिद्धांत कळतो.

मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या निवडणुकीवर केलेला अभ्यास १९७२ साली छापून आला: माध्यमं काय विचार करायचा हे सांगण्यात फारशी यशस्वी होत नसतील, पण कशाबद्दल विचार करायचा हे मात्र ठरवतात. नोएल-नॉयमान यांचा ‘मौनाचा फेरा’ कौटुंबिक व्हॉट्सॲप गटात रोज पाहायला मिळतो: दोन काका जोरात बोलतात, बाकीचे सगळे हात जोडलेला इमोजी टाकून गप्प, आणि गप्प बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच वेगळ्या मताचे. गर्बनरचं म्हणणं असं, की जो सतत टीव्ही बघतो त्याला जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटू लागतं. हे पटवायला गुन्हेगारीवरच्या मालिका रोज बघणाऱ्या घरातल्या एखाद्या माणसाशी मुलांनी अर्धा तास बोलावं. त्यातून सिद्धांत सिद्ध होत नाही, हेही त्यांना सांगायचं. एका आजीवरून निष्कर्ष काढायचा नाही.

मॅकलुहान? नाव सांगतो, ‘माध्यम हाच संदेश’ हे वाक्य सांगतो, पुढे जातो. त्याच्यात अडकलेला वर्ग सत्र संपेपर्यंत बाहेर पडत नाही.

रेडिओचा इतिहास शिकवताना मुलं झोपत नाहीत का?

बीबीसीपासून सुरू केलं तर झोपतात. आल्तिनोपासून सुरू केलं तर नाही.

पोर्तुगीज सत्तेने १९४६ साली ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू केलं. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरून ते चालायचं, आणि संगीतामुळे त्याचे चाहते गोव्याबाहेरही होते. बातम्या अर्थातच लिस्बनला मान्य असतील त्याच. त्याच्या विरोधात २५ नोव्हेंबर १९५५ पासून घाटातून एक भूमिगत केंद्र बोलू लागलं. आधी आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसलरॉकहून. ते चालवणारे दोघे तरुण म्हणजे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. देशोदेशीच्या बातम्या ऐकायच्या, टिपायच्या, आणि कोंकणी व पोर्तुगीजमध्ये गोव्याच्या लोकांना सांगायच्या. वीज नाही, वस्ती नाही, आणि हे सहा वर्षं चाललं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर त्यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून ही बातमी गोव्याच्या आकाशात फिरून सांगितली. सरदेसाईंना १९९२ साली पद्मश्री मिळाली. लिबियाताईंना २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर.

मुक्तीच्या आदल्याच दिवशी, १८ डिसेंबर १९६१ ला, हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं होतं. दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचं बिनतारी केंद्र ही पहिल्या लक्ष्यांपैकी दोन होती. मुलांना विचारतो, रेडिओ केंद्र का? मग वर्ग आपोआप बोलू लागतो. सत्तेला धावपट्टीइतकंच संदेशाचं साधन महत्त्वाचं असतं, हे त्यांना इंटरनेट बंदीच्या बातम्यांवरून आधीच माहीत असतं. फक्त दोन्ही जोडून पाहिलेलं नसतं.

या दोन केंद्रांवर आम्ही एक लेखी काम देतो. त्या काळातली एकच घटना घ्या आणि तिचं दोन मिनिटांचं बातमीपत्र दोनदा लिहा: एकदा आल्तिनोवरून, एकदा आंबोलीहून. खोटं एकही वाक्य लिहायचं नाही. फक्त काय घ्यायचं, काय गाळायचं, आधी काय आणि कोणतं विशेषण. इतकं चांगलं लिहितात मुलं! आणि प्रचार खोट्यावरच उभा असतो असं नाही, खरं निवडूनही तो करता येतो, ही गोष्ट व्याख्यानाशिवाय हाती लागते.

पुढचा धागा: मुक्तीनंतर ‘एमिसोरा’ची आकाशवाणी झाली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. तरीही आजवरच्या धोरणात खाजगी एफएमला स्वतःची बातमीपत्रं काढू दिलेली नाहीत, आकाशवाणीचीच पुन्हा ऐकवता येतात. टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्या आणि एफएमवर एकही नाही, हे का? यावर वर्गात जी चर्चा होते ती आम्हाला तरी कधी कंटाळवाणी वाटलेली नाही.

सामाजिक परिणाम म्हणजे नेमकं काय दाखवायचं? ‘चांगले परिणाम, वाईट परिणाम’ अशी दोन रकान्यांची यादी चालेल का?

परीक्षेत चालते. शिकण्यासाठी निरुपयोगी. त्यापेक्षा एक घटना घेऊन तळाशी जा. आमची हमखास घटना म्हणजे २०१८ चं फॉर्मेलिन (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) प्रकरण.

१२ जुलै २०१८ ला अन्न व औषध प्रशासनाच्या पथकाने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात परराज्यातून आलेल्या मासळीची जागेवर चाचणी केली. किटने फॉर्मेलिन दाखवलं. बातमी मोबाईलवरून घराघरांत पोचली. त्याच दिवशी प्रशासनाने प्रयोगशाळेचा हवाला देऊन सांगितलं की प्रमाण मर्यादेत आहे. मासळीत फॉर्मेलिन घालायला परवानगीच नाही, तर ‘मर्यादा’ कसली, असा प्रश्न लगेच उठला, आणि संशय कमी व्हायच्या ऐवजी दुपटीने वाढला. पुढे १८ जुलैपासून महिनाअखेरपर्यंत सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर बंदी घातली. ज्या गोव्यात हुमणाशिवाय, म्हणजे माशाच्या कालवणाशिवाय, जेवण होत नाही, तिथे घराघरांत मासे शिजेनासे झाले.

आता वर्गात प्रश्न. किटची चाचणी आणि प्रयोगशाळेची चाचणी यांत फरक काय? (इथे रसायनशास्त्राच्या मुलांना उभं करा.) ‘मर्यादेत’ हा शब्द कोणी पहिल्यांदा वापरला आणि तो मथळ्यात कसा गेला? मासळी विकणाऱ्या बायांचं म्हणणं किती बातम्यांत आलं? जिच्या टोपलीत गावच्या नदीची मासळी होती तिचाही धंदा बसला, तिचं काय? भीती खोटी होती का? नव्हती. पसरलेला प्रत्येक संदेश खरा होता का? तोही नव्हता. एकाच घटनेत माध्यमांनी प्रशासनाला जाबही विचारला आणि गरीब बाईचं पोटही मारलं. दोन रकान्यांत हे बसवून दाखवा.

जोडीला २०२० ची मोले चळवळ घ्या. लॉकडाऊनमध्ये रस्त्यावर उतरता येत नव्हतं, तेव्हा तरुणांनी चित्रं, गाणी, नकाशे, कायद्याची सोपी टिपणं ऑनलाईन टाकून मोलेच्या अभयारण्यातून जाणारे तीन प्रकल्प घराघरांत चर्चेला आणले. नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री रेल्वे दुपदरीकरणाच्या विरोधात चांदरच्या रेल्वे फाटकावर जमलेली गर्दी कुठून आली हे त्याशिवाय समजत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. पण इथेही मुलांना सावध करतो: निकाल रीलमुळे लागला नाही. कागदपत्रं, अभ्यास आणि वकील होते म्हणून लागला. रीलने लोक जमवले, तेवढंच तिचं श्रेय.

टीव्ही आता कोण बघतं? तो भाग वगळला तर?

तुमची मुलं बघत नसतील, त्यांच्या घरचे बघतात. तो भाग आम्ही मुलाखतींवर सोडतो: आजी, आजोबा किंवा शेजारच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून या, वाड्यावर पहिला टीव्ही कोणाकडे आला, कोण कोण बघायला जमायचं, कोणाला आत घेत नसत, ‘रामायण’ लागायचं तेव्हा रविवारी सकाळी गावात काय व्हायचं. १९८७-८८ च्या त्या रविवारांबद्दल देशभर बरंच लिहिलं गेलंय. पण बसायला जागा कुठे मिळाली यात वाड्याची जातव्यवस्था दिसते, हे आजीच सांगते. अशा मुलाखती ऐकताना शिक्षकालाही खूप शिकायला मिळतं.

एक लहानसा उद्योग आणखी: घड्याळ लावून एका तासात किती जाहिराती लागतात ते मोजा. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटांच्या वर जाहिराती दाखवता येत नाहीत. बाकी मोजा आणि बघा.

व्हॉट्सॲपवरचं खोटं ओळखायला कसं शिकवता?

आधी गांभीर्य सांगतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून पाच माणसांना जमावाने ठार मारलं. भटक्या समाजाची, पोट भरायला फिरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आली. संदेशावर दुहेरी बाण दिसला तर तो बऱ्याच हातांतून आला आहे असं समजायचं. आमच्या अनुभवात निम्म्याहून जास्त मुलांनी तो बाण कधी पाहिलेलाच नसतो, आणि पालकांनी तर नाहीच.

तपासायच्या पद्धतीत मुख्य गोष्ट एकच: त्याच संदेशाकडे टक लावून बसू नका, बाहेर पडा. संदेश किती खरा ‘वाटतो’ यात वेळ घालवणारा फसतो. फोटो गूगल लेन्समध्ये टाका, जुना किंवा परगावचा असेल तर बहुतेकदा तिथेच कळतं. ज्या अधिकाऱ्याचं नाव घेतलंय त्या खात्याच्या पानावर जा. तीच बातमी दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे दिली आहे का बघा. एकमेकांची नक्कल केलेल्या पाच वेबसाईट म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत. पाऊस, धरण, शाळेची सुट्टी याबद्दलचे संदेश पावसाळ्यात भरपूर येतात, सराव त्यांच्यावर करायचा. त्यात धोका कमी आणि उत्तर दुसऱ्या दिवशी समोर.

आणि हो, घरातल्या वडीलधाऱ्यांना गटात सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नाही. काकांना वेगळा फोन करायचा. “काका, हे जुनं आहे असं दिसतंय, बघाल का?” एवढंच. सत्य मिळवण्याइतकंच ते कसं सांगायचं हेही या विषयात येतं, पाठ्यपुस्तकात नसलं तरी.

वर्गात मोबाईल चालतो का?

चालतो, काम असेल तेव्हा. इतर वेळी उपडा ठेवायचा.

माझी मुलगी रात्री दोनपर्यंत फोन बघते. तुम्ही हाच विषय शिकवता, तर तिला सांगा ना.

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालकसभेत येतो, बहुतेक आया विचारतात. आम्ही सांगितलं तर ती मान हलवेल आणि रात्री पुन्हा बघेल. वर्गात आम्ही मुलांना स्वतःच्या आठवड्याच्या वापराची नोंद ठेवायला सांगतो, फोनमध्येच ती सोय असते. आकडा कोणाला दाखवायचा नाही, फक्त कोणत्या वेळी आणि कोणत्या मनःस्थितीत हात फोनकडे जातो ते लिहायचं. त्याने काहींचा वापर कमी होतो, काहींचा होत नाही.

पालकांसाठी एकच विनंती: फोन काढून घेऊ नका. मुलीचा फोन काढून घेतला जातो आणि मुलाचा नाही, हे आम्ही पाहतो, आणि मुलगीही ते पाहते. शिवाय ज्या दिवशी तिला कोणी फोटोवरून धमकावेल, त्या दिवशी फोन जाईल या भीतीने ती तुम्हाला सांगणारच नाही. झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलं असेल तर माध्यमांच्या शिक्षकाचं ते काम नव्हे. १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीवर, फुकट बोलता येतं.

कायदा किती शिकवायचा?

रोजच्या आयुष्यात लागेल तेवढा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. कोणाच्या खाजगी अवयवांचं चित्र त्याच्या संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ ही सबब नाही. व्यक्ती अठराच्या आतली असेल तर प्रकरण फारच गंभीर, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात अठरा न भरलेली मुलं असतात हे लक्षात ठेवा. पैशांची ऑनलाईन फसवणूक झाली तर १९३० या सायबर मदतक्रमांकाला ताबडतोब फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

दुसरी बाजूही तितक्याच जोराने शिकवा. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरच्या एका साध्या मतावरून दोन मुलींना अटक झाली. ज्या कलमाखाली ती झाली त्या, ऑनलाईन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दलच्या कलम ६६ए ला पुढे एका कायद्याच्या विद्यार्थिनीने आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. विद्यार्थिनीने! हे ऐकून मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

वर्गात धर्म, पक्ष किंवा मराठी-कोंकणी वाद निघाला तर?

निघणारच. गोव्यात माध्यमांवर बोलायचं आणि भाषावाद टाळायचा हे जमत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली; त्याआधीच्या आंदोलनात घरं दुभंगली होती. मुलांच्या आजोबांपैकी कोणी ना कोणी त्यात असतंच. आमचा नियम: मत मांडायला पूर्ण मोकळीक, पण आधी समोरच्याचं मत त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचं. शिक्षकाने स्वतःचं मत लपवायचं की नाही यावर आमच्यातच एकमत नाही. काहींना वाटतं लपवणं हा ढोंगीपणा. काहींना वाटतं की गुण देणाऱ्याने गप्प राहिलेलं बरं. दोन्ही प्रकारचे वर्ग चांगले चाललेले पाहिले आहेत.

सांगे, सत्तरी, काणकोणच्या मुलांकडे नीट नेटवर्क नसतं. त्यांचं काय?

लॉकडाऊनमध्ये डोंगरावर चढून तास ऐकणारी मुलं आजही आमच्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणून गृहपाठ ऑनलाईन ठेवत नाही. व्हिडिओ वर्गातच दाखवतो. आणि नेटवर्क कुठे आहे, कुठे नाही याचा गावनिहाय नकाशा काढणं हा त्या मुलांनी केलेला सर्वांत चांगला प्रकल्प ठरतो, कारण तिथे तज्ज्ञ तेच असतात.

कोणत्या भाषेत शिकवता?

उत्तरपत्रिका बहुतेक इंग्रजीत लिहावी लागते. बोलणं कोंकणी-मराठीत होतं. कुणाला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. गटचर्चा मुलांच्या भाषेत घेतली की बोलणाऱ्यांची संख्या लगेच वाढते.

एआयने लिहिलेले निबंध येतात. गुण कसे द्यायचे?

निबंध देणंच कमी करा. आमच्याकडे निम्मे गुण तोंडी आणि प्रत्यक्ष कामाला: मुलाखतीचं ध्वनिमुद्रण, जाहिरातींची मोजणी, चार पेपरांची तुलना. वाड्यावरच्या आजीने काय सांगितलं ते कुठल्याच यंत्राला माहीत नसतं. संशय आला तर पाच मिनिटं समोर बसवून विचारायचं, ओरडायचं नाही. शिवाय एआयनेच एका स्थानिक घटनेवर काय लिहून दिलं ते छापून वर्गाला चुका शोधायला द्या. गोव्याच्या गावांची नावं आणि सणवार यांत ते किती गोंधळ घालतं हे बघून हशा पिकतो, आणि धडा मिळतो तो वेगळाच.

यातून नोकरी लागते का?

थेट म्हणाल तर थोड्यांना. इथल्या केबल वाहिन्या, वृत्तपत्रांचे डिजिटल विभाग, एफएम केंद्रं, पर्यटन व्यवसायातली सोशल मीडियाची कामं, लग्नाचं चित्रीकरण. पगार सुरुवातीला तुटपुंजा असतो हे स्पष्ट सांगा. २००४ पासून नोव्हेंबरमध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. त्यात प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून जा, नुसते सेल्फी काढून परत येऊ नका. चित्रपट बघून झाल्यावर दिग्दर्शकाला प्रश्न विचारायची संधी मिळवायला देशातल्या इतर मुलांना रेल्वेचं तिकीट काढून यावं लागतं, तुम्हाला म्हापशाहून बस आहे.

स्टुडिओ नाही, बजेट नाही. सुरुवात कशी करायची?

मोबाईल, एक साधा कॉलरचा माइक आणि शांत खोली. पावसाळ्यात पत्र्याखालची खोली घेऊ नका. कॉलेजचं स्वतःचं कम्युनिटी रेडिओ केंद्र हवं असेल तर शिक्षणसंस्थांना २००२ पासून परवाना मागता येतो, पण रोज कार्यक्रम पुरवायला माणसं लागतात आणि परीक्षेच्या महिन्यात ती नाहीशी होतात. आधी वर्षभर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित कार्यक्रम करून बघा. तो नेमाने निघाला तरच अर्जाच्या मागे लागा.

आम्ही दुसऱ्या कॉलेजात शिकवतो. तुमचे स्वाध्याय वापरले तर चालतील?

खुशाल वापरा, बदला. फक्त मुलाखतीचं काम देणार असाल तर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी देऊ नका. त्या पंधरवड्यात आजीला वेळ नसतो.